व्यवसायोपचार आणि रुग्णाची संस्कृती (ठाणे–नवी मुंबई)

आजार, अपघात किंवा जन्मजात अपंगत्वामुळे अडलेली रोजची कामे रुग्णाला पुन्हा जमावीत म्हणून त्या कामांचाच उपचारासारखा वापर करणारी आरोग्यशाखा म्हणजे व्यवसायोपचार. जेवण, आंघोळ, स्वयंपाक, शाळा, नोकरी हे सारे त्यात येते. भौतिकोपचाराशी (फिजिओथेरपीशी) तिची गल्लत नेहमीच होते. तिथे भर हालचालीवर, इथे त्या हालचालीतून होणाऱ्या कामावर.

भारतात ही शाखा रुजवली ती मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० मध्ये त्यांनी प्रशिक्षण सुरू केले. १९५२ मध्ये व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. नेरूळला या विषयाचे पदवी महाविद्यालय आहे, तर खारघरला बौद्धिक अपंगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र.

संस्कृतीचा प्रश्न पहिल्या तपासणीपासूनच येतो. रुग्ण रोजची कामे किती स्वतः करू शकतो हे गुणांत मोजणारा, १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक आजही सर्रास वापरला जातो. त्यात जेवणाचे गुण देताना अन्न कापता येते का, हे पाहतात. भाकरी कोणी सुरीने कापत नाही. ती एका हाताने मोडायची, कालवणात बुडवायची आणि बोटांनी घास उचलायचा. हे कौशल्य त्या रकान्यात बसत नाही. जमिनीवरून हात न टेकता उठणे, उकिडवे बसणे, साडीच्या निऱ्या खोचणे यांचेही तेच.

उजव्या अंगाला अर्धांगवायू झाला की डाव्या हाताने जेवायला शिकवणे कागदावर सोपे वाटते. घरातल्या आजोबांच्या लेखी तो हात शौचाचा. त्याने प्रसाद कसा घ्यायचा? अशा वेळी हट्ट धरण्यापेक्षा डाव्या हातात चमचा देऊन पाहावे. बोटे अन्नाला लागत नाहीत म्हटल्यावर पुष्कळांचा संकोच कमी होतो.

खुब्याचा सांधा बदलल्यावर काही शस्त्रक्रियांनंतर सुरुवातीला खुबा ९० अंशांपलीकडे वाकवू देत नाहीत. संडासात कमोडची खुर्ची ठेवता येते. पण गणपतीत पाटावर कोण बसणार, हेही त्याच बैठकीत ठरवावे लागते. देव टेबलावर मांडून खुर्चीत बसून पूजा करायला बहुतेक घरे तयार होतात, फक्त कोणीतरी तसे सुचवावे लागते.

साधनेही घरातलीच बरी. फुलवात वळताना कापसाचा पुंजका चिमटीत धरायचा, तंतू ओढून मधोमध गोळा करायचे, दुधाचे बोट लावून टोक पिळायचे: अंगठा आणि तर्जनीला याहून नेमका व्यायाम उपचारकेंद्रातल्या रंगीत खुंट्यांच्या फळीवर मिळत नाही. नवी मुंबईतल्या दिवाळे किंवा सारसोळे गावच्या कोळ्याला वाती देण्यात अर्थ नाही; त्याच्या हाती जाळ्याचा दोरा द्यावा.

सर्वांत अवघड भाग स्वावलंबनाचा. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत रुग्णाने स्वतः सगळे करणे हेच उद्दिष्ट धरले जाते. इथे "सून आहे ना, तिने भरवलं तर काय बिघडलं?" असे घरचे विचारतात, आणि ते सगळेच चूक नसते. भरवण्यात माया असते. मात्र त्यात रुग्णाचा बरा हात कामाला लागत नाही आणि सुनेची कंबर धरते ती वेगळीच. अशा वेळी रुग्णाला नेमके कोणते काम स्वतःच्या हातात हवे आहे, हे घरच्यांना बाजूला ठेवून त्यालाच विचारावे लागते. कित्येकांना आंघोळ दुसऱ्याने घातलेली चालते, पण सकाळचा चहा स्वतः करून सगळ्यांना द्यायचा असतो. मग उपचाराची सुरुवात गॅसच्या ओट्यापाशी करावी.