कार्बनचा नाकारलेला हायड्रोजन बंध

एनसीईआरटीचे अकरावीचे रसायनशास्त्राचे पुस्तक सांगते की हायड्रोजन बंध (म्हणजे एका रेणूतल्या हायड्रोजनला शेजारच्या रेणूतल्या अणूचे असलेले दुबळे आकर्षण) व्हायचा तर हायड्रोजन फ्लोरिन, ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला जोडलेला हवा. मुले हे त्रिकूट पाठ करतात आणि प्रवेश परीक्षेत गुण मिळवतात. वर्षभराने, बारावीत, द्रावणांचा धडा येतो. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन एकत्र केले की बाष्पदाब राउल्टच्या नियमाने यायला हवा त्यापेक्षा कमी भरतो. का? तर क्लोरोफॉर्मचा हायड्रोजन ॲसिटोनच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध करतो म्हणून, असे एनसीईआरटीचेच बारावीचे पुस्तक सांगते. आता क्लोरोफॉर्ममधला एकुलता एक हायड्रोजन जोडलेला असतो कार्बनला, आणि त्रिकुटात कार्बनचे नाव नाही! दोन धड्यांमधल्या या विसंगतीबद्दल कुणी काही बोलत नाही.

विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. खुद्द शास्त्रज्ञांमध्ये या प्रश्नावर वीस वर्षे वाद चालला होता.

रेणूच्या आत अणूंना धरून ठेवणारे सहसंयुज बंध भक्कम असतात. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे साधारण ३५० किलोज्यूल लागतात. पाण्याच्या दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध २० किलोज्यूलच्या आसपासचा. कार्बनवरच्या हायड्रोजनने ऑक्सिजनशी जमवलेला बंध, म्हणजे सी-एच···ओ, तर बहुतेक वेळा २ ते ८ किलोज्यूलचा. खोलीच्या तापमानाला रेणूंची जी उष्णताजन्य धडपड चालू असते तिचे माप, म्हणजे आरटी, सुमारे २.५ किलोज्यूल आहे. हे आकडे पाहिले की या बंधाकडे इतकी वर्षे कानाडोळा का झाला ते कळते. पण साखर, नॅप्थलीन किंवा ॲस्पिरिन यांच्या स्फटिकात रेणू एकमेकांना धरून राहतात ते अशाच दुबळ्या, असहसंयुज आकर्षणांवर. रेणूंच्या आतले नव्हे तर रेणूंमधले हे बंध अभ्यासणाऱ्या शाखेला सुप्रामोलेक्युलर रसायनशास्त्र म्हणतात. तिला १९८७ मध्ये नोबेल मिळाले ते पेडरसन, क्रॅम आणि लेन यांच्या कामामुळे. स्फटिक म्हणजे या शाखेतला सर्वांत शिस्तबद्ध नमुना, कारण त्यात अब्जावधी रेणू एकच मांडणी पुन्हा पुन्हा करतात.

१९६२ मध्ये लंडनच्या बर्कबेक कॉलेजात काम करणाऱ्या जून सुटर या स्फटिकशास्त्रज्ञ बाईंनी ‘नेचर’मध्ये लिहिले की कॅफीन, थिओफिलिन अशा संयुगांच्या स्फटिकांत काही कार्बनवरचे हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनच्या नेहमीपेक्षा जवळ आलेले दिसतात, आणि हा हायड्रोजन बंधच आहे. १९६८ मध्ये जेरी डोनह्यू यांनी हा दावा जवळपास मोडीत काढला. असा बंध नाहीच, असा त्यांचा निकाल होता. ती अंतरे रेणूंच्या साध्या दाटीवाटीनेही समजावता येतात, असे त्यांचे म्हणणे. डोनह्यू हे ऐरेगैरे नव्हते. डीएनएच्या बेसची पुस्तकात छापलेली रूपे चुकीची आहेत, हे १९५३ मध्ये डीएनएची रचना शोधणाऱ्या वॉटसनला सांगणारे हेच, आणि त्या सूचनेमुळेच हायड्रोजन बंधांनी जुळलेल्या बेसच्या जोड्या हाती लागल्या. असा माणूस नाही म्हणाल्यावर विषय थंडावला. सुटरबाई पुढे मूतखड्यांच्या स्फटिकांकडे वळल्या. मला यात अधिकारवाणीची ताकद दिसते, डोनह्यूंची लबाडी नव्हे. हातात असलेला पुरावा खरोखर अपुरा होता.

अपुरा का, ते बघण्यासारखे आहे. स्फटिकात अणू कुठे आहेत ते बहुधा क्ष-किरण टाकून शोधतात. पण क्ष-किरण अणुकेंद्र पाहत नाहीत, ते इलेक्ट्रॉनवरून विखुरतात. हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच, आणि तोही बंधात ओढला गेलेला. त्यामुळे क्ष-किरणांना हायड्रोजन आधीच अंधूक दिसतो, शिवाय प्रत्यक्षापेक्षा सुमारे ०.१ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) कार्बनच्या जवळ दिसतो. ज्या वादाचा निकाल अँगस्ट्रॉमच्या दशांशांवर लागायचा, त्यात एवढी चूक जड जाते. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रावरूनच विखुरतात, म्हणून त्यांना हायड्रोजन नेमका सापडतो. केंब्रिजमध्ये ओल्गा केनर्ड यांनी १९६५ पासून स्फटिकरचनांचा संग्रह जमवायला घेतला होता. १९८२ मध्ये रॉबिन टेलर आणि केनर्ड यांनी त्यातल्या न्यूट्रॉन विवर्तनाने काढलेल्या ११३ रचना तपासल्या. कार्बनवरच्या हायड्रोजनच्या जवळ कोण येते? योगायोगच असता तर कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन सगळे आपापल्या प्रमाणात आले असते. प्रत्यक्षात ऑक्सिजनकडे स्पष्ट झुकाव निघाला. सुटरबाईंचे म्हणणे खरे ठरले, पण तोवर वीस वर्षे गेली होती.

आता माझा आवडता भाग. क्लोरोफॉर्ममध्ये तीन क्लोरिन कार्बनवरचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतात, आणि कंगाल झालेला कार्बन हायड्रोजनकडून खेचतो. हायड्रोजनला आतले इलेक्ट्रॉन कवच नसल्याने त्याचा प्रोटॉन जवळजवळ उघडा पडतो, आणि ऑक्सिजनवरची एकाकी इलेक्ट्रॉन जोडी त्याला खुणावते. म्हणजे कार्बनवरचा हायड्रोजन जितका आम्लधर्मी, तितका हा बंध आखूड आणि बळकट असायला हवा. ॲसिटिलीनसारख्या तिहेरी बंधाच्या टोकाचा हायड्रोजन पुढे, बेंझीनचा मध्ये, साध्या अल्केनचा सर्वांत मागे. नेमका हाच क्रम हैदराबाद विद्यापीठात गौतम देसिराजू यांनी स्फटिकांमधल्या अंतरांवरून दाखवला. माझ्या मते वादावर खरा पडदा पडला तो इथे, कारण निव्वळ दाटीवाटीला आम्लधर्माशी काय देणेघेणे?

दुसरी गोष्ट अंतराची. सर्व रेणूंमध्ये असणारे व्हान डर वाल्सचे विकिरणी (डिस्पर्शन) आकर्षण, जे इलेक्ट्रॉनच्या क्षणिक हलण्यातून येते, ते अंतराच्या सहाव्या घाताने घटते. अंतर दुप्पट केले की ते चौसष्टावा भाग उरते. दोन द्विध्रुवांमधली ऊर्जा तिसऱ्या घाताने घटते, म्हणजे आठवा भाग उरतो. दोन विद्युतप्रभारांमधली निम्मी उरते. सी-एच···ओ मध्ये स्थिरविद्युत हिस्सा मोठा असतो, म्हणून त्याचा हात लांबवर पोचतो. द्रावणात रेणू अजून दूर असतानाच कुणी कुणाकडे तोंड करावे हे तो सुचवू लागतो. म्हणूनच दोन अणूंच्या व्हान डर वाल्स त्रिज्यांची (म्हणजे त्यांच्या बाहेरच्या आकाराच्या त्रिज्यांची) बेरीज ओलांडली की बंध संपला, ही कसोटी देसिराजूंनी अमान्य केली. शिवाय विकिरणी आकर्षणाला दिशेचे फारसे सोयरसुतक नसते. हायड्रोजन बंधाचा मात्र सरळ रेषेकडे आणि एकाकी जोडीच्या दिशेकडे कल असतो. ज्याला दिशा आहे त्याच्यावर आराखडा बेतता येतो.

आराखडा हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. देसिराजूंनी १९७९ ते २००९ अशी तीस वर्षे हैदराबादेत आणि नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘क्रिस्टल इंजिनिअरिंग’ची, म्हणजे हवा तसा स्फटिक बेतून घडवण्याच्या शास्त्राची, मांडणी केली. रेणू बनवताना रसायनशास्त्रज्ञ उलटा विचार करतो: हवा तो रेणू कागदावर तोडत तोडत साध्या तुकड्यांपर्यंत जायचे. १९९५ मध्ये देसिराजूंनी हीच पद्धत स्फटिकाला लावली आणि रेणूंमधल्या ठरावीक जुळण्यांना ‘सुप्रामोलेक्युलर सिंथॉन’ म्हटले. कार्बॉक्झिलिक आम्लाचे दोन गट समोरासमोर येऊन दोन हायड्रोजन बंधांची कडी करतात, हा त्यातला सर्वपरिचित सिंथॉन. रेणूवर असा एकच गट असेल तर जोडी बनते, टेरेप्थॅलिक आम्लासारखे दोन विरुद्ध टोकांना असतील तर साखळी, ट्रायमेसिक आम्लासारखे तीन असतील तर षटकोनी जाळी. २०११ मध्ये आययूपीएसीने, म्हणजे रसायनशास्त्रातल्या संज्ञा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, हायड्रोजन बंधाची व्याख्या नव्याने केली, त्या गटाच्या धुरीणांत ई. अरुणन आणि देसिराजू होते. हायड्रोजन ज्याला जोडलेला आहे तो अणू हायड्रोजनहून अधिक विद्युतऋण (म्हणजे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणारा) असला की पुरे, असे आता ती व्याख्या म्हणते. विद्युतऋणतेच्या मापात कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०. त्रिकूट तिथेच मोडले.

हायड्रोजन बंधांचे नाव घेऊन ‘स्मृती असलेले पाणी’ आणि ‘संरचित पाणी’ विकणारेही आहेत. द्रव पाण्यातला एखादा हायड्रोजन बंध टिकतो साधारण एक पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. मग तो तुटतो आणि दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतो. एवढ्या विस्मरणशील पदार्थाने महिनोन्‌महिने औषधाची आठवण जपावी कशी, हे ते कधीच सांगत नाहीत. स्फटिक गळ्यात घालून ‘ऊर्जा’ मिळवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

दुबळ्या बंधांचा हिशेब चुकला की काय होते, ते रिटोनाविरने दाखवले. एड्सवरचे हे औषध १९९६ मध्ये बाजारात आले. १९९८ मध्ये कॅप्सूलमध्ये अचानक त्याच रेणूचा दुसराच स्फटिक उगवू लागला. त्यात हायड्रोजन बंधांची मांडणी वेगळी होती, तो अधिक स्थिर होता आणि म्हणून खूपच कमी विरघळत होता. कॅप्सूल परत घ्यावे लागले आणि औषधाचे रूप बदलावे लागले. एकाच रेणूच्या अशा दोन रूपांतला ऊर्जेचा फरक बहुतेकदा मोलमागे काही किलोज्यूलच असतो. त्रिशंकू विधानसभेत सरकार कुणाचे हे चार अपक्ष ठरवतात, तसे इथे एकेका सी-एच···ओ बंधाचे वजन वाढते.

रेणूची आकृती पाहून त्याचा स्फटिक कसा होईल हे सांगता येत नाही, ही भौतिक विज्ञानांची नामुष्की आहे, असे ‘नेचर’चे संपादक जॉन मॅडॉक्स यांनी १९८८ मध्ये लिहिले होते. १९९९ पासून केंब्रिजच्या संग्रहकेंद्राच्या पुढाकाराने त्याची परीक्षाच घेतली जाते. ज्या संयुगाची स्फटिकरचना मोजली आहे पण प्रसिद्ध केलेली नाही, त्याच्या रेणूची फक्त आकृती संशोधकांना द्यायची आणि रचना ओळखायला सांगायची. तेव्हापासून निकाल खूप सुधारले आहेत. संगणकाला शक्य रचना शेकड्याने सापडतात, पंचाईत होते ती क्रम लावताना, कारण वरच्या रचनांमधले फरक गणिताच्या चुकीएवढेच असतात. आणि गणित बिनचूक आले, तरी पहिल्या नंबरची रचना प्रयोगशाळेत उगवेलच असे नाही. द्रावणात रेणूंची पहिली टोळी कशी जमली यावरही बरेच ठरते, आणि तिथे सर्वांत स्थिर मांडणीपेक्षा सर्वांत आधी जुळलेली मांडणी बाजी मारू शकते.