एसीई: दमसासाच्या 'जनुका'ची गोष्ट

गालाच्या आतून कापूस फिरवून मूल लांब पल्ल्याचे धावपटू होईल का, हे सांगणाऱ्या चाचण्यांत 'एसीई' हे नाव बहुधा असतेच. मुळात हे रक्तदाबाशी निगडित एन्झाइम. त्याच्या जनुकात डीएनएच्या २८७ अक्षरांचा एक तुकडा काहींकडे असतो, काहींकडे नसतो, हे १९९० मध्ये फ्रान्समध्ये आढळले. तुकडा असलेली प्रत 'आय', नसलेली 'डी'. प्रत्येकाकडे दोन प्रती, म्हणून जोडी आयआय, आयडी किंवा डीडी. डीडी असलेल्यांच्या रक्तात हे एन्झाइम जास्त असते. तेव्हा खेळाशी कुणाला देणेघेणे नव्हते. सगळा रस हृदयविकारात होता.

एका जनुकाने खेळाडू घडतो ही आशा मात्र हवेतून आली नव्हती. फिनलंडचा स्कीपटू एरो मँटीरांटा याने ऑलिंपिकमध्ये सात पदके मिळवली होती. त्याच्या घराण्यात एरिथ्रोपोएटिन या लाल पेशी बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या रिसेप्टरमध्ये (ते जिथे जोडले जाते त्या प्रथिनात) बदल असून त्यामुळे लाल पेशी वाढतात, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. पण तो बदल अतिदुर्मीळ. एसीईचा तुकडा घरोघरी सापडणारा.

१९९८ मध्ये ह्यू माँटगोमेरी यांच्या ब्रिटिश गटाने प्राणवायूच्या नळकांड्याविना ७००० मीटरवर गेलेले २५ गिर्यारोहक तपासले. त्यांत 'आय' जास्त; ८००० मीटर ओलांडलेल्या १५ जणांत डीडी एकही नाही. लष्करी भरतीतील जवानांना १० आठवड्यांच्या प्रशिक्षणाआधी व नंतर १५ किलोचा बार कोपरातून वाकवायला लावला. तो किती वेळ जमतो यातली सुधारणा आयआय गटात डीडीच्या अकरा पट. आकडा डोळ्यांत भरणारा, पण जवान जेमतेम ७८.

प्रयोगशाळेतही एक जुनी गोची होती. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीत, 'आय'ची ४९० आणि 'डी'ची १९० अक्षरांची पट्टी उमटते. आखूड तुकडा जोमाने वाढतो, लांब मागे पडतो. मग आयडी नमुना डीडी म्हणून वाचला जातो. उपाय सोपा: डीडी निघालेला प्रत्येक नमुना तुकड्याच्या आत बसणारा प्रायमर (प्रत काढणे जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा धागा) वापरून पुन्हा चालवायचा.

२००० मध्ये व्हीओटू मॅक्स (शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते ते माप) किलोमागे ७५ मिलिलिटरच्या वर असलेल्या १९२ खेळाडूंची तुलना बैठ्या माणसांशी झाली. एसीईत फरक दिसला नाही. आनुवंशिकता खोटी नव्हती: अमेरिका-कॅनडातील हेरिटेज अभ्यासात २० आठवड्यांच्या एकाच सरावाने व्हीओटू मॅक्स कुणाचा भरपूर वाढला, कुणाचा जेमतेम, आणि त्या फरकाचा जवळपास ४७ टक्के भाग घराण्याशी जुळला. मात्र तो एका जनुकात मावत नाही. २०१६ मध्ये १५२० दमदार खेळाडूंचा अख्खा जीनोम चाळूनही सामाईक असा ठसा हाती लागला नाही. एसीईची ओळ चाचण्यांच्या अहवालांत अजून छापली जाते.