फ्रेंच रेस्टॉरंटमधून माणूस उपाशी उठतो?

“भलं मोठं ताट, मधोमध घासभर पदार्थ, घरी येऊन पिठलं-भाकरीच खावी लागते.” मुंबईच्या महागड्या फ्रेंच रेस्टॉरंटबद्दल लातूर-नांदेडकडं हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

एकाच बशीवरून हिशेब केला की गफलत होते. आपलं ताट एकदम वाढलेलं असतं. तिथं ठरलेला मोठा मेनू घेतला तर एकामागून एक सात-आठ बश्या येतात. एकेक ६०-७० ग्रॅमची धरली तरी बेरीज अर्ध्या किलोच्या आसपास जाते, पाव-लोणी वेगळंच. त्यातला ‘बर ब्लाँ’ सॉस पाहा: बारीक चिरलेला कांदा, व्हिनेगर आणि वाइन आटवून चमचा-दोन चमचे ठेवतात, मग त्यात गार लोण्याचे तुकडे एकेक करून घोटतात. म्हणजे जवळजवळ लोणीच. दिसतो चमचाभर, पण पोटाला चांगलाच जड.

उपाशी राहणं घडतं ते दोन चुकांनी. ‘आँत्रे’ला मुख्य पदार्थ समजून तेवढंच मागवलं जातं, फ्रान्समध्ये आँत्रे म्हणजे सुरुवातीची बशी, मुख्य पदार्थ तो ‘प्ला’.

दुसरी चूक शाकाहाऱ्यांची, ऐनवेळी सांगायची. पुष्कळ सॉस-सुपांचा आधार कित्येक तास उकळलेलं हाडांचं पाणी असतं. ते तयार सॉसमधून बाजूला काढता येत नाही. मग पुढ्यात नुसती सॅलडची पानं येतात. टेबल बुक करतानाच सांगा, आणि अंडं, जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला, पदार्थ घट्ट करणारा जिन्नस) चालतं का तेही.