चतुर्भुज मंदिर शिलालेख, ग्वाल्हेर

ग्वाल्हेर किल्ल्याच्या पूर्वेकडील चढणीवर, गणेश दरवाजा व लक्ष्मण दरवाजा यांच्या दरम्यान असलेल्या चतुर्भुज मंदिरातील संस्कृत लेख. विक्रम संवत ९३३ (इ. स. ८७६) मधील हे दानपत्र गणिताच्या इतिहासात ‘ग्वाल्हेरचे शून्य’ म्हणून ओळखले जाते. लेखातील २७० आणि ५० या दोन संख्यांत शून्य लहान वर्तुळाने दाखवले आहे. ओरछा येथेही याच नावाचे, याहून कितीतरी मोठे मंदिर आहे. ते बुंदेल्यांच्या काळातले. त्याचा या लेखाशी संबंध नाही.

मंदिर : हे विष्णुमंदिर चढणीलगतच्या वालुकाश्मातच कोरून काढलेले आहे. गाभारा सुमारे बारा फूट चौरस. पुढे खांबांची लहान ओसरी. मानमंदिर राजवाड्याची निळी नक्षी पाहायच्या ओढीने चढणारा प्रवासी ते सहसा मागे टाकून जातो. मूळ नाव वाइल्लभट्टस्वामी. अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने हे मंदिर कोरवून घेतले व देवाला आपल्या वडिलांचे नाव दिले. ‘चतुर्भुज’ हे नाव नंतर रूढ झाले.

मंदिरात दोन लेख आहेत. दारावरचा संवत ९३२ चा लेख पद्यात असून त्यात अल्लाच्या घराण्याची माहिती येते. आजोबा नागरभट्ट हे लाटमंडलातील आनंदपुराहून आले. आनंदपूर म्हणजे उत्तर गुजरातेतील वडनगर, असे सामान्यतः मानले जाते. वडील वाइल्लभट्ट प्रतीहार राजा रामदेव (रामभद्र) याच्या सेवेत होते, तर स्वतः अल्ल मिहिरभोजाच्या वेळी गोपगिरीचा, म्हणजे या किल्ल्याचा, रक्षक होता. परमुलखातून येऊन ग्वाल्हेरच्या चाकरीत स्थिरावलेल्या घराण्यांची परंपरा शिंदेशाहीच्या कितीतरी आधीपासूनची आहे, एवढे यावरून दिसते.

दानाचा मजकूर : दुसरा, ९३३ चा लेख गाभाऱ्यात आहे. तो गद्यात असून त्याची संस्कृत भाषा बरीच अशुद्ध आहे. लिहिणारा पंडितापेक्षा कारकुनाच्या जवळचा वाटतो. तिथी माघ शुद्ध द्वितीया. आरंभी कोट्टपाल (किल्लेदार) अल्ल, सैन्याचा अधिकारी, श्रेष्ठी (मोठे व्यापारी) व सार्थवाह (व्यापारी तांड्यांचे प्रमुख) यांचे उल्लेख येतात. पुढे चार दाने नोंदली आहेत. वृश्चिकाला नदीपलीकडे अल्लाने बांधलेल्या नवदुर्गांच्या मंदिराला नगराने आपल्या मालकीच्या चूडापल्लिका गावातील जमीन फुलबागेसाठी दिली. तिची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. ‘हात’ राजमान्य मापाचा होता, असे लेखात सांगितले आहे. जयपुराक गावातील दोन शेते दिली. तेल्यांनी दर महिन्याच्या शुद्ध नवमीला प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल द्यायचे ठरले. गोपगिरीवरच्या माळ्यांनी रोज फुलांच्या ५० माळा द्यायच्या होत्या. वृश्चिकाला म्हणजे ग्वाल्हेरची सुवर्णरेखा नदी असावी.

बागेचे माप हिशेबाने पडताळून पाहता येते. हात सुमारे ४५ सेंटीमीटरचा धरला तर जागा १२१ मीटर लांब व ८४ मीटर रुंद होते. म्हणजे जेमतेम अडीच एकर. रोजच्या पन्नास माळांसाठी एवढी जागा जास्त वाटेल, पण बाग व माळा ही दोन वेगळी दाने आहेत आणि माळ्यांनी फुले याच बागेतून घ्यावीत असे लेखात म्हटलेले नाही.

अंकलेखन : लेखाची खरी महती येथे आहे. जुन्या ब्राह्मी पद्धतीत १ ते ९, १० ते ९० मधील प्रत्येक दशक, १०० व १००० यांना स्वतंत्र चिन्हे होती. त्या पद्धतीत २७० लिहायचे तर दोनशेचे चिन्ह आणि सत्तरचे चिन्ह मांडले की काम संपे. रिकामे घर उरतच नसे, त्यामुळे शून्याची गरजही पडत नसे. स्थानमूल्याच्या पद्धतीत मात्र अंकाची किंमत त्याच्या जागेवर ठरते. एकंचे घर रिकामे आहे हे दाखवले नाही तर २७० चे २७ होतात आणि देवाची बाग दहापट आखूड होते. चतुर्भुज मंदिरातील लेखक ही नवी पद्धत वापरतो. त्याचे शून्य शेजारच्या अंकांपेक्षा आकाराने लहान आहे, पण पोकळ व स्पष्ट वर्तुळ आहे. २ व ७ हेही आजचा मराठी वाचक थोड्या प्रयत्नाने ओळखू शकतो.

हे शून्य रिकामी जागा दाखवणारे आहे. संख्या म्हणून येणारे शून्य वेगळे. शून्याची बेरीज, वजाबाकी व गुणाकार यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिले होते. म्हणून ‘शून्याचा शोध ग्वाल्हेरला लागला’ हे विधान दोन्ही अर्थांनी टिकत नाही. मराठीत शून्याला ‘पूज्य’ असा जुना पर्यायी शब्द आहे आणि शाळकरी भाषेत त्याचा भोपळा होतो. देवळातल्या शून्याला पूज्य म्हणण्याचा मोह आवरावा हे बरे.

अग्रक्रमाचा वाद : सर्वांत जुने लिखित शून्य कोणते, यावर विसाव्या शतकभर वाद चालला. जी. आर. के (Kaye) या इंग्रज अभ्यासकाने स्थानमूल्य दाखवणारे बरेचसे प्राचीन भारतीय ताम्रपट बनावट ठरवले. बडोद्याजवळच्या संखेडा येथील कलचुरी संवत ३४६ चा (इ. स. ५९५ च्या सुमाराचा) ताम्रपट या वादात वारंवार येतो. त्यात तीन अंक स्थानमूल्याने मांडलेले दिसतात, पण शून्य नाही, आणि त्याच्या खरेपणाविषयीही शंका घेतली गेली आहे. ताम्रपट हातोहात फिरतो, उशिराही कोरता येतो. किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या लेखावर हा आक्षेप घेणे अवघड. ग्वाल्हेरच्या लेखाला महत्त्व आले ते मुख्यतः या कारणाने.

१९३१ मध्ये फ्रेंच संशोधक जॉर्ज सेदेस याने आग्नेय आशियातील लेखांकडे लक्ष वेधले. कंबोडियातील संबोर येथील लेखात शक ६०५ (इ. स. ६८३) या वर्षातील शून्य ठिपक्याने दाखवले आहे. हा दगड पुढे बराच काळ बेपत्ता होता. २०१३ मध्ये गणितविषयक लेखक अमीर अॅक्झेल याला तो पुन्हा सापडला. सुमात्रातील पालेमबांग परिसरातल्या लेखांतही त्याच दशकातली शून्ये मिळतात. तारखांच्या क्रमाने पाहता ग्वाल्हेरचा लेख यांच्या सुमारे दोनशे वर्षे मागे पडतो. तरी ते सर्व लेख शक संवतात व भारतीय लिपिपरंपरेत आहेत, त्यामुळे पद्धत भारतातून तिकडे गेली हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडलेल्या बख्शाली हस्तलिखिताची बाब वेगळी. भूर्जपत्रावरच्या या गणितग्रंथात ठिपक्याचे शून्य पुष्कळदा येते. २०१७ मध्ये ऑक्सफर्डने कार्बनमापन करून घेतले. तीन पानांच्या तारखा तीन वेगवेगळ्या शतकांतल्या आल्या. सर्वांत जुनी इ. स. २२४ ते ३८३, सर्वांत नवी ८८५ ते ९९३. अक्षर व मजकूर एकसंध असताना पानांत पाचशे वर्षांचे अंतर कसे, हा अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे. ग्रंथाचा काळ शेवटच्या पानावरून ठरवावा असे धरले, तर बख्शाली हस्तलिखित ग्वाल्हेरच्या लेखाहून जुने राहत नाही.

संशोधन : अलेक्झांडर कनिंगहॅम याने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात किल्ल्याची पाहणी केली, तेव्हा किल्ल्यावर इंग्रजी फौज होती. किल्ला शिंद्यांकडे परत आला १८८६ मध्ये. दोन्ही लेखांची विश्वसनीय वाचने जर्मन अभ्यासक ई. हुल्ट्श याने एपिग्राफिया इंडिका या शिलालेखविषयक नियतकालिकाच्या पहिल्या खंडात दिली व पुढचे बहुतेक लेखन त्यांवरच आधारलेले आहे. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांच्या काळात राज्यातील लेखांचे संकलन झाले.

लेख पाहायचा असल्यास गूजरी महालाच्या बाजूने पायी चढावे. उरवाई दरवाजाच्या गाडीरस्त्याने गेल्यास हे मंदिर वाटेत लागत नाही. गाभाऱ्यात उजेड कमी असतो. लेखावर प्रकाश एका बाजूने तिरपा पडला की अक्षरांच्या खाचा उठून दिसतात, आणि २७० मधले ते वर्तुळ हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या खोलगट खुणेसारखे नजरेस येते.