घोडा घाटावरचा, शाळा महालक्ष्मीची

मुंबईने घोडा पोसला, पळवला, गाडीला जुंपला. पैदास मात्र जवळपास कधीच केली नाही. त्यामुळे घोड्यांमध्ये आयुष्य काढायचं ठरवलेल्या माणसाला इथे एकच पेशा तीन ठिकाणी वाटला गेलेला दिसतो: पैदास पुण्याच्या बाजूला, शर्यत महालक्ष्मीला, आणि घोडेस्वारीची शिकवणी बहुतेक वेळा शर्यतीतून उतरलेल्या घोड्यांवर.

याचं मूळ जमिनीत आणि हवेत आहे. मराठ्यांच्या फौजेला घोडा पुरवला तो भीमा आणि नीरेच्या काठांनी. भीमथडीचं तट्टू उंचीला बेताचं, पण काटक आणि थोड्या चाऱ्यावर निभावणारं. सरकारी पागेतला घोडा घेणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. हा भेद घोडा कोण पोसतो यावरच उभा होता. कोकणपट्टीत हे जमण्यासारखं नव्हतं. चार महिने पाणी, दमट हवा, भाताचा पेंढा आणि सदा ओले राहणारे खूर, अशा जागी शिंगरू वाढवणं म्हणजे आजाराशी झुंज.

मुंबईचा घोडा म्हणून समुद्रातून आला. एकोणिसाव्या शतकात आखातातल्या बंदरांतून अरबी घोडे जहाजाने यायचे आणि भेंडी बाजाराच्या परिसरातल्या तबेल्यांत त्यांचे सौदे व्हायचे. शहराची वाहतूकही त्यांच्याच पाठीवर. 9 मे 1874 ला घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कंपनीकडे सुमारे 900 घोडे होते. 1905 मध्ये ती बंद पडली, 1907 मध्ये विजेची ट्राम आली. उरली ती व्हिक्टोरिया, म्हणजे भाड्याची घोडागाडी, आणि तिच्यावरही उच्च न्यायालयाने 2015 मध्ये पडदा टाकला. या सगळ्या घोड्यांच्या दुखण्याखुपण्यातून एक चांगली गोष्ट उभी राहिली: परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, 1886.

शर्यती आधी भायखळ्याला होत. महालक्ष्मीच्या सखल जमिनीवर 1883 मध्ये नवं मैदान झालं आणि मुंबईतल्या घोड्याचा मुक्काम कायमचा तिकडे गेला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत इथल्या शर्यतींत परदेशी घोड्यांचा तोरा असे. युद्धात जहाजं थांबली आणि देशी पैदाशीला भाव आला. 1943 मध्ये देशात जन्मलेल्या घोड्यांसाठी इंडियन डर्बी सुरू झाली. ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने जिंकली. तीनच वर्षांनी, 1946 मध्ये, पुण्यात पूनावालांचा स्टड फार्म, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचा मळा, उभा राहिला. तिथले निवृत्त घोडे प्रतिविष तयार करण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. हे काम आपणच का करू नये, या विचारातून 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली. देशातल्या लसींचा मोठा कारखाना घोड्याच्या तबेल्यातून निघाला, हे आजही फार कमी जणांना माहीत असतं.

स्टड फार्मवरचं काम कॅलेंडरने बांधलेलं आहे. थरोब्रेडचा, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याचा, वाढदिवस कागदोपत्री 1 जानेवारीला धरतात. मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू दोन वर्षांच्या गटात जानेवारीच्या शिंगरासमोर चार महिन्यांनी लहानच असतं. गाभण काळ सुमारे 340 दिवस, म्हणून घोडी फेब्रुवारीत भरवायची धडपड. पण घोडी माजावर येते ती दिवस मोठा झाला की. त्यासाठी डिसेंबरच्या सुरुवातीपासून ठाणात दिवे लावून दिवसाउजेडासकट 16 तास प्रकाश देतात. कृत्रिम रेतन थरोब्रेडमध्ये चालत नाही, नोंदच होत नाही. व्यायल्यावरचा ठोकताळा सोपा: एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत दूध प्यायलं, तीन तासांत वार पडली. यातलं एक चुकलं तरी डॉक्टरला फोन, सकाळची वाट पाहायची नाही. पहिल्या 12 तासांत चीक पोटात गेला नाही, तर पिल्लाच्या अंगात रोगाशी लढायला काही नसतं.

घोडेस्वारीच्या शिकवणीकडे येणारा घोडा हा या व्यवस्थेचा शेवटचा टप्पा. महालक्ष्मीच्याच आवारात असलेल्या अॅमॅच्युअर रायडर्स क्लबने मुंबईकरांना अनेक दशकं घोड्यावर बसवलं. शर्यतीतला घोडा थेट नवशिक्याला दिला की अपघात ठरलेला, आणि त्यात घोड्याचा दोष नसतो. त्याला शिकवलेलं असतं की लगाम ताणला म्हणजे त्यावर तोंड टेकव आणि पळ. घाबरलेला नवशिक्या नेमका लगामच ओढतो. तो जितका ओढेल तितका घोडा जोर लावतो, आणि जमिनीवरचे सगळे ओरडत राहतात. दुसरं म्हणजे जॉकीला पाय धरून उचलून बसवतात, बऱ्याचदा चालत्या घोड्यावर. चढताना दगडासारखं उभं राहणं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून आधी दोन-तीन महिने विश्रांती. शर्यतीचे हलके अॅल्युमिनियमचे नाल काढतात. खुराक एकदम खाली आणतात, कारण काम बंद आणि हरभरा-जई तेवढीच राहिली तर पुठ्ठ्याचे स्नायू आखडून घोडा जागीच अडतो, लघवी तांबडी होते. मग लांब दोरीवर सुमारे 20 मीटरच्या वर्तुळात फिरवायचं, दोन्ही दिशांनी सारखंच. एका अंगाने पळून पळून त्याचं दुसरं अंग ताठलेलं असतं. मग दुडकीसाठी जमिनीवर बांबू, साधारण 1.3 मीटरच्या अंतराने. उडी सर्वांत शेवटी. घोड्याची चौखूर ढांग सरासरी 3.65 मीटर धरतात. दोन अडथळ्यांमध्ये एक ढांग बसवायची तर 7.3 मीटर, कारण उतरायला अर्धी आणि उठायला अर्धी ढांग जाते. हेच अंतर तट्टासाठी ठेवलं तर ते मध्येच अडतं आणि मूल पुढे मानेवर येतं. घाई नसेल तर सहा महिने ते वर्षभर जातं. घाई बहुतेकांना असते.

मुंबईची हवा वर वेगळा हिशेब मागते. पावसात खुराच्या तळव्यातला मऊ त्रिकोण सडतो, काळपट पाझर आणि न विसरता येणारी दुर्गंधी. औषधापेक्षा कोरडी पेंढ्याची गादी आणि दिवसातून दोनदा खूर साफ करणं जास्त उपयोगी, आणि नालबंद दर चार-सहा आठवड्यांनी. उन्हाळ्यात काही घोड्यांचा घामच बंद होतो. काम झाल्यावर अंग कोरडं, नाकपुड्या फुगलेल्या, श्वास धाप्यासारखा. अशा घोड्याला लगेच सावली, पाण्याचा पाइप, पंखा. शर्यतीचे घोडे मोसम संपला की घाट चढून पुण्याला जातात. शिकवणीचे घोडे इथेच राहतात.

स्पर्धेचा घोडा तर आणखी दूरचा. मुंबईचे इम्तियाझ अनीस 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकला गेले. हृदय छेडा 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांपैकी एक. 1982 नंतर घोडेस्वारीतलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. ते आलं युरोपात वाढलेल्या घोड्यांवर, युरोपात राहून केलेल्या सरावातून.

महालक्ष्मीची जागाही आता पूर्वीएवढी नाही. जुना भाडेकरार 2013 ला संपला होता. 2024 च्या निर्णयाने 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि 91 एकर शर्यती चालवणाऱ्या टर्फ क्लबकडे. धावपट्टी, तबेले आणि स्वारीचं रिंगण आता या 91 एकरांत बसवायचं आहे.