कन्सोलच्या उष्णतेवरील स्वयंपाक

खेळ चालू असताना तापलेल्या गेम कन्सोलच्या (टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्राच्या) उष्णतेवर अन्न शिजवण्याचा किंवा गरम करण्याचा प्रकार. पाकपद्धती म्हणून याला फारसे स्थान नाही. गेमर मंडळींची थट्टा आणि अधूनमधून कोणीतरी केलेला उपद्व्याप, एवढेच त्याचे स्वरूप. मात्र कन्सोल जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते, हे खरे आहे.

थट्टेला जोर आला तो २००५ साली आलेल्या एक्सबॉक्स ३६० आणि २००६ सालच्या प्लेस्टेशन ३ मुळे. दोन्ही यंत्रे खेळताना २०० वॅटच्या आसपास वीज घेत. पहिल्या प्लेस्टेशन ३ चे फुगीर, चकचकीत झाकण तर सँडविच ग्रिलसारखेच दिसे, त्यामुळे त्याला ‘ग्रिल’ म्हणून हिणवायला वेगळी कल्पकता लागली नाही. एक्सबॉक्सची बदनामी झाली ती यंत्राच्या दर्शनी भागावर पेटणाऱ्या तीन लाल दिव्यांमुळे. वास्तविक नुसते जास्त तापल्याची खूण दोन दिव्यांची होती. तीन दिवे म्हणजे आतला बिघाड. पण पुन्हापुन्हा तापून-निवून आतले डाखाचे (सोल्डरचे) सांधे तडकत असल्याने दोन्ही गोष्टी लोकांच्या डोक्यात एकच झाल्या. २००७ मध्ये एक्सबॉक्स बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली.

अन्न शिजेल का? हिशेब करून पाहावा. २५ अंशांचे एक लिटर पाणी उकळीला आणायला २०० वॅट, थेंबभरही उष्णता वाया न घालवता, साधारण २६ मिनिटे घेतील. २,००० वॅटच्या इंडक्शन शेगडीला अडीच मिनिटे पुरतात. म्हणजे उष्णता थोडी असली तरी अगदीच नगण्य नाही. अडचण तापमानाची आहे. पंखा सेकंदाला दहा लिटर हवा फेकत असेल, तर २०० वॅटने ती हवा सोळा-सतरा अंशांनीच तापते. ३० अंशांच्या खोलीत मागच्या जाळीतून निघणारा झोत मग ४६-४७ अंशांचा. अंड्याचा पांढरा भाग धरू लागायलाच साठीच्या वर जावे लागते, आणि कोंबडीचे मांस आतून ७४ अंशांपर्यंत तापावे असा दंडक आहे. चॉकलेट वितळेल, थंडीत विरजण लागायला ऊब मिळेल. पण ५ ते ६० अंश हा जंतू वाढण्याचा पट्टा असल्याने मांस तिथे तासन्‌तास ठेवणे म्हणजे शिजवणे नव्हे, नासवणे.

आतली चिप याहून बरीच तापते, पण तिच्यावरचा उष्णताशोषक काढला की यंत्र स्वतःला वाचवायला लगेच बंद पडते. झोत अडवून तापमान वाढवावे तरी तेच. वाफेच्या इंजिनावरचे फायरमन कोळशाचे फावडे धुऊन भट्टीच्या तोंडाशी धरत आणि त्यावर अंडी-बेकन तळत. तिथे आग मुद्दाम पेटवलेली होती. इथे सगळी रचना उष्णता हाकलण्यासाठी असते.

डिसेंबर २०२० मध्ये केएफसीने संगणकाचे सुटे भाग बनवणाऱ्या कूलर मास्टरच्या साथीने ‘केएफकन्सोल’ जाहीर केला: बकेटच्या आकाराचा काळा संगणक, समोर सरकणारा ‘चिकन चेंबर’. नीट पाहिले तर शिजवण्याचा दावा त्यातही नव्हता, तळलेले चिकन गरम ठेवण्याचा होता. जाहिरात म्हणून मात्र ती झकास जमली.

याच्या उलटा उद्योग अधिक लोकांनी मनापासून केला: कन्सोलचे बंद पडलेले सर्किट बोर्ड चक्क ओव्हनमध्ये भाजण्याचा. साधारण २०० अंशांवर आठ-दहा मिनिटे. शिशाविरहित डाख २१७ अंशांच्या पुढे वितळतो, त्यामुळे सांधे खरोखर जुळत असतील हे अवघडच. काही बोर्ड त्यानंतर चालू झाले, बहुतेक थोडेच दिवस टिकले. आणि प्लास्टिक-रसायनांचा धूर बसलेल्या त्या ओव्हनमध्ये पुन्हा केक भाजू नये.