गाडी पोत्यात आणू नका
(घरी मोटरसायकल खोलून पुन्हा बांधणाऱ्या आमच्या बडोद्याच्या ग्राहकांसाठी)

बोअरिंगसाठी, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून नव्या पिस्टनच्या मापाचा करून घेण्यासाठी, आमच्याकडे येणारी बरीच जुनी इंजिनं तांदळाच्या पोत्यातून येतात. पोतं ओतलं की सिलिंडर, अर्धा क्लच, भलत्याच गाडीचा किकर आणि मूठभर बोल्ट बाहेर पडतात. सोबत ग्राहकाचं ठरलेलं वाक्य असतं, "सगळं आहे यात." सगळं कधीच नसतं. वडिलांची येझदी, काकांची आरएक्स 100, आजोबांची राजदूत, गाडी कुठलीही असो, ती अडते सुट्या भागांपायी, आणि ते हरवलेले असतात पहिल्याच रविवारी, उत्साहाच्या भरात.

म्हणून खोलताना घाई करू नका. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, वायरींचे तर दोन-दोन घ्या. काढलेला बोल्ट शक्य असेल तिथे त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा. क्लच कव्हरचे बोल्ट लांबीला सारखे नसतात. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर केसिंग फुटतं. उरलेलं सामान प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांत भरा आणि चिठ्ठ्या आत टाका. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी ऑईलने सुटते. जपानी गाड्यांच्या केसिंगचे स्टार स्क्रू साध्या पेचकसाने चघळले जातात. इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे ठोका बसला की स्वतः फिरणारा पेचकस, लावून हातोडीचा एक ठोका द्या. हे अवजार घरी नसेल तर आमचं घेऊन जा, फक्त परत आणून द्या.

पुरातल्या गाड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं, त्यानंतर कित्येक महिने आमच्याकडे चिखलाचीच इंजिनं येत होती. पाण्यात बुडालेल्या गाडीला "बघू, चालू होते का" म्हणून किक मारू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना किक बसली की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढा, ऑईल सोडा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलं आहे असं समजा. प्लगच्या भोकातून थोडं ऑईल घाला, हाताने चाक फिरवून इंजिन हळूहळू फिरवा आणि मग आमच्याकडे या. पाणी महिनाभर आत राहिलं असेल तर क्रँकच्या बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडलेले असतात. असं बेअरिंग धुऊन, पुसून पुन्हा बसवायला सांगू नका. ते आवाज करणारच, आणि नाव आमचं खराब होणार.

आता आमचं खरं काम, म्हणजे बोअर. इथे आमचा एक नियम आहे आणि काही ग्राहकांना तो आडमुठेपणा वाटतो. नवीन पिस्टन हातात आल्याशिवाय आम्ही सिलिंडर कापत नाही. आरएक्स 100 चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) दोन्ही 50 मिलिमीटर, म्हणजे 98 सीसी. ओव्हरसाईज, म्हणजे मूळ मापाहून मोठे, पिस्टन 0.25, 0.50 मिलिमीटर असे टप्प्याटप्प्याने मिळतात. डब्यावर 0.50 लिहिलंय म्हणून आतला पिस्टन नेमका तेवढाच असतो असं नाही, बाजारातल्या मालात तर नाहीच. आम्ही तो मायक्रोमीटरने मोजतो आणि त्याच्या मापाला बोअर करून होनिंग करतो, म्हणजे आतला पृष्ठभाग दगडांनी घासून शेवटचा हात देतो. आधी बोअर करून मग पिस्टन शोधायला निघालात, तर जो मिळेल तो गळ्यात बांधून घ्यावा लागेल.

टू-स्ट्रोकचे क्रँक ऑईल सील मात्र न विचारता बदला. जुनं रबर कडक होतं, तिथून हवा खेचली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि नवा पिस्टन जाम होतो. मग तुम्ही बोअरला दोष देता. शेपाचशेचं सील वाचवायला जाऊन बोअरचे सगळे पैसे पाण्यात गेलेले आम्ही पाहिले आहेत. घरी जोडणी करताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे ठेवा. रिंगांची तोंडं पिस्टनमधल्या छोट्या पिनांवर नीट बसली आहेत ना, हे बघूनच सिलिंडर सरकवा.

ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. पाण्याने धुवा. टाकीतल्या गंजासाठी रात्रभर व्हिनेगर, मग खायच्या सोड्याचं पाणी आणि लगेच कोरडं करणं, एवढं पुरतं.

रंगाआधी फ्रेम सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग-गंज काढायला, देण्याआधी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप काढून घ्या. आरटीओत लागते तशीच. नंबरवर मास्किंग टेप लावायला सांगा. पावडर कोटिंगचा, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेल्या रंगाच्या पावडरचा, थर आकड्यांत भरला की नंबर वाचता येत नाही आणि रंगवलेली गाडी कागदावर संशयित ठरते. भट्टी 180 ते 200 अंशांची असते, तेव्हा रबरी बुश आणि बेअरिंग आधी काढून घ्या.

कस्टम कामाबद्दल रोज विचारणा होते. सीट, हँडल, मडगार्ड, रंग यांत हौस जरूर करा, पण आरसे आणि इंडिकेटर ठेवा. रंग आरसी बुकात नोंदलेला असतो, तो बदलला की नोंदही बदलून घ्या. फ्रेमची शेपटी कापून कॅफे रेसर (रेसच्या गाडीसारखी आटोपशीर) करायला, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायला किंवा सायलेन्सर पोकळ करायला आमच्याकडे येऊ नका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ मापदंडाहून वेगळी होईल असा बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय घरातली जावा पन्नाशी ओलांडलेली असेल तर करवत हातात घेण्याआधी थांबा. म्हैसूरच्या आयडियल जावाचं उत्पादन 1961 मध्ये सुरू झालं, त्यामुळे अशा गाड्या आपल्या वाड्यांत अजून निघतात. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या दुचाकीला विंटेज म्हणून नोंद मिळू शकते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केला असेल तर नाही.

येताना सिलिंडर, नवा पिस्टन, रिंगा, गजनपिन (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) आणि आरसीची झेरॉक्स आणा. क्रँकचं काम असेल तर क्रँक आख्खा आणा, घरी ठोकून वेगळा करू नका. गणपतीत दांडिया बाजारात गाड्या अडकतात, त्या दहा दिवसांत सकाळी लवकर या. काम झालं की जुना पिस्टन आणि काढलेली बेअरिंग तुमच्या हातात देतो. खड्डे आणि ओरखडे स्वतः बघा, मगच बिल द्या.